टबाला कल्हई

आमच्या घरातल्या बाथटबमध्ये आजवर एकही माणूस झोपलेला नाही. शिवाजी पार्कची जुनी इमारत, गोल कोपऱ्यांच्या गॅलऱ्यांची. बांधणाऱ्याला विलायती हौस असावी. आजोबा भाड्याने राहायला आले तेव्हा टब होताच. आजीने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि ‘पाणी भरून ठेवायला बरंय’ म्हणून निकाल लावला. तेव्हापासून पहाटे नळाला पाणी आलं की टब भरायचा आणि त्याच्या शेजारी पाटावर बसून तांब्याने आंघोळ करायची. २०२० साली समुद्रावर जायची सोय नव्हती, तेव्हा दीड दिवसाचा शाडूचा गणपतीही आम्ही त्यातच पोचवला.

टब ओतीव लोखंडाचा. सव्वाशे-दीडशे किलो सहज भरेल, त्यामुळे तो काढून टाकण्याचा विषय निघाला की दाराची रुंदी मोजून संपायचा. पण नळाखाली तपकिरी ओघळ पडला होता, आणि तारेची घासणी खाऊन खाऊन तळ इतका खरखरीत झाला होता की मळ त्याला सोडेना. शेवटी एक कारागीर बोलावला.

त्याच्याकडून कळलं की टबावरचा तो पांढरा थर रंगाचा नसतोच, काचेचा असतो. काचेची पूड लोखंडावर पसरून ८०० अंशांच्या आसपास भट्टीत भाजतात. ती भट्टी काही आमच्या न्हाणीघरात मावणार नव्हती. घरी मिळतो तो दोन डब्यांतला लेप, एकात इपॉक्सी, दुसऱ्यात हार्डनर. एकदा कालवला की हात भराभर चालवायचा, नाहीतर डब्यातच दगड.

मला कल्हईवाला आठवला. पातेलं तापवून तो नवसागराची चिमूट टाकायचा, पांढऱ्या धुराचा भपका उठायचा, मग कथिलाचा बोळा फिरला की आत चांदणं. आम्ही पोरं त्या शेवटच्या क्षणासाठी ताटकळायचो. पण खरं काम नवसागराचं. तो तांब्यावरचा काळा थर खातो, तेव्हा कुठे कथील धरतं. टबाचंही तसंच निघालं. स्प्रे मारायला तासभर लागला असेल, त्याआधी दीड दिवस नुसती सफाई. साबणाचा जुना तेलकटपणा उतरवला, कडेचं सिलिकॉन खरवडलं, मग पॉलिश पेपरने सगळा टब मुद्दाम खरबरीत केला. गुळगुळीत जागेवर लेप बसत नाही, वर्षभरात पोपडे निघतात. माझी सून घरात यायच्या आधी एवढी सफाई झाली तरी पुष्कळ, असं आई दारात उभी राहून म्हणाली. (रोख माझ्या खोलीकडे होता.)

वासाबद्दल न बोललेलं बरं. कारागिराने मास्क लावला, खिडक्या सताड उघडल्या, आणि आम्ही दिवसभर मावशीकडे गिरगावात. पुढे दोन दिवस पाण्याचा थेंब लागू द्यायचा नव्हता. मग घरातली पिंपं, कळशा, कुकरसुद्धा पाण्याने भरले, आणि मुंबईला पाणी पाजणारे सात तलाव असले तरी आमच्या घराचा तलाव हा एकच होता, हे सगळ्यांना कळलं.

जाताना कारागिराने नळाकडे बोट दाखवलं. ओघळाचं मूळ तिथे होतं, सदा गळणारा नळ. वायसर बदला, म्हणाला, नाहीतर पुन्हा डाग. इतक्या वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं.

आता टब असा लखलखतो की आईने त्यात पाणी भरणंच बंद केलंय. घासायची पावडर नको, ॲसिड नको, तारेची घासणी नको, हे तिने मोलकरणीला इतक्यांदा बजावलंय की ती त्या बाजूला फिरकत नाही. टबावर जुनी चादर पसरलेली असते, शेजारी निळं प्लॅस्टिकचं पिंप. परवा चादरीची घडी नीट करता करता तिने विचारलं, ‘‘यंदा गणपती कशात रे, ह्यात की पिंपात?’’