काळ्या पाच पट्ट्यांवरून सुरुवात

पियानो शिकणाऱ्या मुलांना "पुस्तक मिट आणि स्वतःचं काहीतरी वाजव" म्हटलं की बहुतेक जण थिजतात, ग्रेडच्या परीक्षा देणारे तर हमखास. ट्रिनिटी या लंडनच्या परीक्षा मंडळाच्या सुरुवातीच्या ग्रेड्सना इम्प्रोव्हायझेशनची, म्हणजे आयत्या वेळी सुचेल ते वाजवण्याची टेस्ट निवडता येते, पण तिकडे कोणी वळतच नाही. इम्प्रोव्हायझेशन म्हणजे जन्मजात देणगी असा एक समज पक्का बसलाय आणि तो मला अजिबात पटत नाही. अठराव्या शतकात इटलीत नेपल्सच्या कॉन्झर्वेटोरीत, म्हणजे संगीतशाळांत, गरीब, अनाथ पोरांना हे रोजच्या अभ्यासासारखं शिकवायचे, खालची बेसची ओळ द्यायची आणि वरचं सगळं त्यांनी तिथल्या तिथे वाजवायचं. बीथोव्हेनचा शिष्य चेर्नी, ज्याच्या एक्सरसाइज आपण घासतो, त्याने १८२९ मध्ये यावर अख्खं पुस्तक काढलं होतं.

मी काळ्या पट्ट्यांपासून सुरू करते. दोनच्या जोडीतल्या काळी एक आणि दोन, तिनाच्या गटातल्या तीन, चार, पाच. डाव्या हाताने काळी तीन हा सा आणि तिचा पंचम (प) म्हणजे वरची काळी एक धरून ठेवायची, उजव्या हाताने फक्त काळ्या पट्ट्यांवर फिरायचं, झाला भूप राग! खटकणारा सूर लागतच नाही त्यामुळे भीती लगेच जाते, पण मग मुलं नुसती वरखाली पळत सुटतात आणि खरं शिकवणं इथून पुढे आहे. माझी एक दहा वर्षांची विद्यार्थिनी अशीच पळत होती, मध्येच ग प ध वाजवून ध वर थांबली. म्हटलं, हेच परत वाजव. मग म्हटलं आता तिथूनच निघ पण शेवटी सा वर ये. तिने ग प ध, मग जरा थांबून ध प ग रे सा घेतलं आणि माझ्याकडे बघितलं, कारण तो सवाल-जवाब झालाय हे तिचं तिलाच ऐकू आलं होतं. थांबणं, तेच परत म्हणणं, शेवट बदलणं, एवढंच कितीतरी दिवस पुरतं.

त्यानंतर उजवा हात तसाच ठेवून फक्त डावा बदलायचा. काळी एक सा धरली की राग दुर्गा, काळी चारवर मधुमाद सारंग, काळी पाचवर मालकंस. पट्ट्या त्याच आणि मूड पार वेगळा, मोठी माणसंसुद्धा दोन-दोन तास यात रमतात. फक्त मालकंसात डाव्या हाताला पंचम देऊ नका, काळी पाचबरोबर वरची काळी दोन धरा, तो मध्यम (म) आहे.