म्हणे पिन झालेलं मोहरं हलत नाही!

लेकीला जुळे सोलापुरात बुद्धिबळाच्या क्लासला सोडायचं आणि तासभर बाहेर उन्हात तिष्ठत बसायचं, त्यापेक्षा मीही फी भरली नि आत जाऊन बसले. चाली, किल्लेकोट, घोड्याचा दुहेरी हल्ला, सगळं पटापट आलं. गाडी अडली ती पिनपाशी. पिन म्हणजे मागच्या राजावर किंवा वजिरावर हल्ला येऊ नये म्हणून पुढचं मोहरं अडकून पडतं, ती.

सरांनी फळ्यावर लिहिलं, 'पिन झालेलं मोहरं हलत नाही', आणि कोड्यांचा गठ्ठा हातात दिला. कधीच हलत नाही का, विचारलं की उत्तर ठरलेलं, "मॅडम, सोडवत राहा, येईल आपोआप." पोरं माना डोलावतात, म्हणून चालून जातं यांचं!

शेवटी घरी पट मांडला (पांढऱ्याच्या बाजूने उभ्या ओळी ए ते एच, आडव्या १ ते ८). पांढरा राजा ई१ वर, घोडा सी३ वर, डी२ रिकामं, काळा उंट बी४ वर. घोडा उचलला की राजाला शह, म्हणजे ती चाल नियमातच बसत नाही. इथे सरांचं वाक्य खरं. आता घोडा एफ३ वर, ई२ रिकामं, मागे डी१ वर वजीर, काळा उंट जी४ वर. हा घोडा खुशाल हलतो, फार तर वजीर जाईल. एवढा फरक सांगायला कितीसा वेळ लागतो हो?

आणि वजीर गेला तरी कधीकधी डाव आपलाच. नामांकित बुद्धिबळपटू फिलिडोरचे गुरू लेगाल, १८व्या शतकातले फ्रेंच खेळाडू. त्यांच्या नावाची मात मांडून बघा (नुसतं घर लिहिलंय तिथे प्याद्याची चाल). पांढरा: ई४, घोडा एफ३, उंट सी४, घोडा सी३. काळा: ई५, डी६, उंट जी४, जी६. आता तो 'न हलणारा' घोडा ई५ वरचं प्यादं मारतो. काळ्याने हावरटपणे वजीर खाल्ला की उंट एफ७ वर शह, राजा ई७, घोडा डी५, मात! वजीर सोडून डी६च्या प्याद्याने घोडा मारला, तर आपला वजीर जी४चा उंट खातो. एक प्यादं आपलं वरचढ. मात्र काळा घोडा सी६ वर असेल तर या भानगडीत पडू नका, तोच ई५चा घोडा मारतो आणि जी४च्या उंटालाही जोर मिळतो.

हो, एक राहिलंच. राजासमोर पिन झालेलं मोहरंसुद्धा समोरच्या राजाला शह देतं. यावरून लेकीशी कडाक्याचं भांडण झालंय, नियम माझ्या बाजूने निघाला.

पिन केल्यावर लगेच मारामारी करू नका, आधी त्या मोहऱ्यावर प्यादं ढकला. वरच्या सी३च्या घोड्यावर काळ्याने डी४ खेळलं, आणि ते प्यादं मारता येत नसेल, तर घोडा गेलाच.