पिवळं भिंग

३ जुलै
काका आज भर पावसात लेन्स घेऊन आले. स्वतः चिंब भिजलेले, पण शर्टाच्या आतून काढलेली पिशवी कोरडी. रत्नागिरीत त्यांनी तीसेक वर्षं स्टुडिओ चालवला. त्यातली निम्मी वर्षं हीच लेन्स गळ्यात होती: पेंटॅक्स स्पॉटमॅटिक कॅमेऱ्यावरची सुपर-टाकुमार, ५० मिलिमीटर, १.४. कॅमेऱ्याची बॉडीही सोबत आणली आहे.

चामडी केस बघितली आणि आत काय असणार ते कळलं. चामडं ओल धरून ठेवतं, आणि आपल्याकडे जून लागला की हवेतला दमटपणा ८५ टक्क्यांच्या वर जातो. मागून टॉर्च मारला. बुरशी कडेकडून आत सरकत आलेली, काथ्याचे तंतू सुटावेत तशी. फोकस रिंग दोन्ही हातांनी फिरवावी लागते. आणि पांढऱ्या कागदावर ठेवली तर कागद कोऱ्या चहाच्या रंगाचा दिसतो.

“होईल ना रे साफ?”
“उघडल्याशिवाय नाही सांगत, काका.”

५ जुलै
पुढची नावाची रिंग रबरी बूच दाबून फिरवली, सहज सुटली. आधी कुणी स्पॅनर घसरवलेला नाही, एकही ओरखडा नाही. अशी लेन्स हातात आली की फार बरं वाटतं.

आज फक्त फोकसचे आटे. जुनं ग्रीस वाळून मेणासारखं झालं होतं. या आट्यांना सुरुवात एक नसते, अनेक असतात. कुठूनही बसवले तरी ते बसतात आणि छान फिरतातही, पण बरोबर जागा एकच. बाकी कुठेही बसले तर फोकस जागेवर येत नाही. म्हणून दोन नळ्या एकमेकींपासून सुटतात नेमक्या त्या क्षणी थांबायचं, धातूवर बारीक खूण करायची, फोटो काढायचा, मगच पुढे. सुरुवातीच्या दिवसांत एकदा खूण करायची राहिली होती. रात्रभर एकेक सुरुवात लावून बघत बसलो होतो. तेव्हापासून खुणेची सुई ट्रेमध्ये सगळ्यात आधी ठेवतो.

लायटरच्या पेट्रोलने आटे धुतले. नवं ग्रीस अगदी पातळ थर. जास्त झालं तर ते उन्हाळ्यात पसरतं, अपर्चरच्या, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राच्या, पात्यांवर येतं आणि पाती चिकटतात. पाती कोरडीच हवीत.

६ जुलै
बुरशी. केमिस्टकडचं हायड्रोजन पेरॉक्साइड, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, प्रत्येक वेळी नवा कापूस, मधून कडेकडे गोल. तंतू पहिल्या हातातच निघाले. पण अपर्चरच्या पुढच्या भिंगावर, तंतू होते तिथे, बारीक नक्षी उरली. बुरशीतून निघणारं आम्ल भिंगावरचा पातळ थर, कोटिंग, खातं, ते परत येत नाही.

घासून काढायचा मोह होतो. पॉलिशची पावडर घेतली तर डाग जातील, पण त्यांच्याबरोबर उरलेलं कोटिंगही जाईल, आणि हाताने घासून भिंगाची गोलाई जशी होती तशी राहत नाही. ही नक्षी फोटोत दिसणार नाही. सूर्यासमोर धरली तर थोडा कॉन्ट्रास्ट कमी होईल, एवढंच. ती ठेवली. काकांना दाखवायचं आणि सांगायचं.

७ जुलै
पिवळेपणाची गोष्ट वेगळी, तो मळ नाहीच. या लेन्सच्या मागच्या काचेत थोरियम ऑक्साइड आहे. त्यामुळे काच प्रकाश जास्त वाकवते, तरी रंग फारसे फाकत नाहीत. मोठ्या अपर्चरच्या लेन्ससाठी तेव्हा हा एक उपाय होता. पण थोरियमचा किरणोत्सार काचेतले इलेक्ट्रॉन जागचे हलवतो, ते काचेतल्या दोषांत अडकतात आणि निळा प्रकाश शोषू लागतात. थोरियमचं अर्धायुष्य सुमारे १४०० कोटी वर्षं, म्हणजे हे थांबणारं नाही. लेन्स वापरायला काही धोका नाही, पण ती काच घासायची नाही, तिची धूळ पोटात जाऊ द्यायची नाही.

अडकलेले इलेक्ट्रॉन अतिनील प्रकाशाने सुटतात. एप्रिल असता तर गच्चीत उन्हात ठेवली असती. आषाढात ऊन कुठलं? मागचा भिंगांचा गट वेगळा काढून, खाली फॉइल घालून, ३९५ नॅनोमीटरच्या एलईडीखाली ठेवलाय. हात लावून बघतो, गरम होत नाही ना.

१३ जुलै
चहात दूध नाही, पण पाणी वाढलंय. फिका झाला.

२१ जुलै
कागद पांढरा दिसतो. शेजारी नवं भिंग ठेवून बघितलं, किंचित फरक आहे. पुरे.

जोडणी. खुणेला खूण लावली, आटे एका झटक्यात बसले. फोकस रिंग आता एका बोटाने फिरते, तरी सैल नाही. संध्याकाळी पाऊस तासभर उघडला तशी लेन्स काकांच्या बॉडीवर चढवली, फिल्मच्या जागी घासलेली काच टेपने चिकटवली, शटर ‘बी’वर, म्हणजे बटण दाबून धरलं तोवर, उघडं ठेवलं आणि रत्नदुर्गाकडच्या दीपस्तंभावर रोखली. ॲडॅप्टर लावून डिजिटल कॅमेऱ्यावर तपासणं सोपं, पण बरेच ॲडॅप्टर जाडीला जरा कमी असतात, आणि या माउंटचं, म्हणजे लेन्स बॉडीला बसते त्या जागेचं, फिल्मपासूनचं अंतर ४५.४६ मिलिमीटर, शेवटच्या आकड्यापर्यंत पाळावं लागतं. रिंगचे तीन बारीक स्क्रू ढिले करून केसभर फिरवली. दिवा काचेवर टाचणीच्या टोकाएवढा, स्वच्छ. स्क्रू आवळले.

२२ जुलै
काकांना आधी नक्षी दाखवली. टॉर्चच्या उजेडात त्यांनी बराच वेळ पाहिली, “माझीच केस,” एवढंच म्हणाले. सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा दिला, चामडी केस वेगळी बांधून दिली.

मग लेन्स कागदावर ठेवली, शेजारी पहिल्या दिवशी काढलेला फोटो. ते गप्प झाले. लग्नं सोडून हौसेने ते स्लाइड्स काढायचे: मिऱ्याची बंदरं, होळीच्या पालख्या. शेवटच्या वर्षांत सगळ्या पिवळसर यायला लागल्या, तेव्हा लॅबवाल्याशी भांडले होते. त्याने परोपरीने सांगितलं होतं की रसायनं ताजी आहेत. त्यानंतर ते तिकडे गेले नाहीत.

“तो बिचारा खरंच बोलत होता,” म्हणाले.

लॅब बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण तो माणूस गावातच आहे. काकांनी डबा पिशवीत घातला, पिशवी शर्टाच्या आत, आणि माझ्याकडे त्याचं घर नक्की कुठे ते विचारलं.