फ्रीजवरचा कागद आणि सर्वांत भिकार गाणं

फेब्रुवारी उजाडला की आमच्या ऑफिसच्या किचनमधल्या फ्रीजवर गाण्यांच्या स्पर्धेवरच्या पैजेचा एक कागद चिकटतो. वर्गणी माणशी 20 क्रोनर. कागदावर तीन रकाने: नाव, कोण जिंकणार आणि सर्वांत भिकार गाणं कोणतं. तिसरा रकाना आधी भरतो. दुसऱ्याची कोणाला एवढी घाई नसते.

गॉथेनबर्गला येऊन मला सात वर्षं झाली. स्वीडिश माणूस मत मांडायला किती कचरतो, हे इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. मीटिंगमध्ये एखादी कल्पना साफ फसलेली असली तरी 'हं, इंटरेस्टिंग आहे' म्हणून सगळे कॉफी ओतून घेतात. पगार, राजकारण, शेजाऱ्याचा कुत्रा, कशावरच कोणी तोंड उघडत नाही. त्याच माणसांना हे सहा आठवडे पाहावं. परवापर्यंत लिफ्टमध्ये माझ्याकडे न बघणारी अकाउंट्सची बाई दालचिनीचा बन हातात नाचवत, अमक्या गायकाला देशाबाहेर घालवायला हवं, असं ठणकावून सांगते.

याला कारण 'मेलोदीफेस्टिवालेन'. लाडाचं नाव मेल्लो. युरोव्हिजन या युरोपातल्या देशांच्या गाण्याच्या स्पर्धेला स्वीडनतर्फे कोणतं गाणं जाणार, ते ठरवणारी स्पर्धा. 30 गाणी, पाच शनिवार पाच वेगवेगळ्या शहरांत प्राथमिक फेऱ्या आणि सहाव्या शनिवारी स्टॉकहोमला फायनल. साधारण एक कोटी लोकसंख्येच्या या देशात फायनल बघायला तीस लाखांहून जास्त लोक बसतात. मत मोबाइलवरच्या ॲपमधून द्यायचं, हृदयाचं चित्र दाबून, तेही फुकट. मतदारांचे वयोगट पाडलेले असतात आणि सगळ्यात लहान गट आहे 3 ते 9 वर्षांचा! म्हणजे बालवाडीतलं पोर आणि त्याची पंचाहत्तरीची पणजी, दोघांच्या गटांना सारखंच वजन. काही गाणी फायनलला कशी पोचतात, याचा उलगडा मला हे कळल्यावर झाला.

पहिल्या वर्षी मी पाहुण्याच्या सभ्यपणाने वागले. कोणी विचारलं की 'सगळीच छान आहेत' म्हणायचे. समोरच्याचा चेहरा पडायचा. एकदा एकाने सरळच विचारलं, "ते राहू दे, तुला कोणतं असह्य झालं ते सांग." मी मिरजेची. सतारमेकर गल्लीतून शाळेत जायचे, उरुसाला दर्ग्यात रात्र-रात्र गाणं ऐकलेलं. बाबांच्या लेखी नाट्यसंगीतानंतर जे आलं तो सगळा गलबला. असह्य काय वाटलं हे मी सांगायला बसले असते तर कॉफी निवली असती. पण धीर करून एकाच गाण्याचं नाव घेतलं, आणि टेबलावरचे चौघे एकदम माझ्या बाजूने आणि दोघे विरुद्ध! त्या दिवशी पहिल्यांदा मला कोणीतरी म्हणालं, "शुक्रवारी आमच्याबरोबर जेवायला येतेस?"

आवडत्या गायकावरून मात्र जरा जपून बोलावं लागतं. तिथे घराणी आहेत. पन्नाशीच्या पुढच्या बायकांसमोर कारोलाबद्दल ब्र काढायचा नाही. ती 1983 मध्ये सोळाव्या वर्षी युरोव्हिजनला गेली आणि तिसरी आली. 1991 मध्ये रोमला तिचे आणि फ्रान्सच्या गायिकेचे गुण सारखेच झाले, दोघींनाही 146, आणि नियमांचा काथ्याकूट करून विजय कारोलाला मिळाला. पंख्याच्या वाऱ्यात उडणारे तिचे केस हे इथल्या एका अख्ख्या पिढीच्या आठवणीतलं चित्र आहे. त्यांच्यापेक्षा लहान मंडळी लोरीनच्या बाजूची. अनवाणी, खोट्या बर्फात नाचून तिने 2012 मध्ये बाकूला युरोव्हिजन जिंकलं, मग 2023 मध्ये लिव्हरपूलला पुन्हा जिंकली. दोनदा जिंकलेली ती पहिली बाई. हा वाद मला घरचा वाटतो. लता की आशा, यावरून आमच्या दोन मावश्या एका लग्नात अख्खी पंगत उठेपर्यंत बोलत होत्या आणि नंतर दिवाळीपर्यंत बोलत नव्हत्या.

लोरीनच्या त्या दुसऱ्या विजयानंतरचा सोमवार मी विसरणार नाही. आमच्या टीममध्ये एक फिनिश मुलगा आहे, एरवी दिवसाला जेमतेम तीन वाक्यं बोलणारा. त्या वर्षी फिनलंडचा केरिया हिरव्या चमकदार बाह्या घालून असा काही नाचला की प्रेक्षकांच्या मतांत तोच पहिला आला, पण परीक्षकांनी लोरीनला उचलून धरलं. सोमवारी हा मुलगा तसल्याच पोपटी बाह्या चढवून आला, आला तो थेट कॉफी मशीनपाशी जाऊन उभा राहिला आणि जो कोणी कप भरायला येईल त्याला म्हणाला, "लोकांनी कोणाला निवडलं होतं?" दिवसभर तेवढंच. कोणाकडेच उत्तर नव्हतं.

आणि अब्बा, तो जगभर गाजलेला स्वीडिश बँड? इथेच मी सगळ्यात जास्त चकले. मला वाटायचं, स्वीडनमध्ये अब्बाला नावं ठेवणं म्हणजे पंढरपुरात विठोबाला. आमच्याकडे निवृत्तीला टेकलेले एक इंजिनिअर आहेत. इथे सगळ्यांना 'तू'च म्हणतात, मीही त्यांना स्वीडिशमध्ये 'तू' म्हणते, पण त्यांच्याबद्दल मराठीत लिहिताना 'तो' हाताखालून निघत नाही. तर ते अब्बाचं गाणं लागलं की उठून जातात. मी कारण विचारलं. त्यांनी मला पुढची दोन कॉफीची सत्रं वर्ग घेतल्यासारखं समजावलं.

1974 मध्ये ब्रायटनला अब्बा जिंकले, झगझगीत कपडे घालून. त्यांचा वाद्यवृंद चालवणारा गृहस्थ तर नेपोलियनच्या वेषात आला होता. जिंकणाऱ्या देशात पुढची स्पर्धा भरते, म्हणून 1975 मध्ये ती स्टॉकहोमला आली, आणि डाव्या विचारांच्या तरुण गायकांनी रस्त्यावर उतरून समांतर महोत्सव भरवला. गाणं ही विकायची वस्तू नाही, ते आपल्या भाषेत आणि आपल्या जगण्याबद्दल असावं, हे त्यांचं म्हणणं. या चळवळीला 'प्रोग' म्हणतात. 1976 च्या युरोव्हिजनला तर स्वीडन गेलंच नाही. आमचे इंजिनिअर तेव्हा सतरा वर्षांचे होते आणि खोलीत नॅशनलतेआतर्नच्या तबकड्या लावायचे, हा गॉथेनबर्गचाच बँड. "अब्बा वाईट गातात असं मी म्हटलेलं नाही," ते म्हणाले. "ते फार चांगलं गातात. पण कोणाबद्दल?"

पन्नास वर्षं एका मतावर ठाम! मला माझे बाबा आठवले.

आता 2025 च्या कागदाकडे येते. त्या वर्षी मॉन्स सेल्मेर्लेव परत उतरला होता. 2015 चा युरोव्हिजन विजेता, देखणा, सराईत, सट्टेबाजांचा लाडका. 'कोण जिंकणार'च्या रकान्यात जवळपास सगळ्यांनी त्याचं नाव लिहिलं, मीही. 'सर्वांत भिकार'मध्ये मी बेधडक लिहिलं: सौनावाले.

हे सौनावाले म्हणजे फिनलंडमधल्या वेरो गावचे तिघे. फिनलंडमध्ये स्वीडिश बोलणारे मूठभर लोक राहतात, त्यांच्यातले. गाणं त्यांच्या गावंढळ बोलीत. विषय एवढाच, की सगळं सोडा आणि सौनात, म्हणजे वाफेच्या गरम खोलीत, जाऊन घाम गाळा. स्टेजवर टॉवेल गुंडाळलेली माणसं, शेकोटी, सॉसेज भाजणं. मधेच फिनिशमध्ये एक-दोन-तीन मोजतात. मला वाटलं, गणपती मिरवणुकीत ट्रॅक्टरवरच्या डीजेने एखादं गाणं सात दिवस लावावं तसं हे आहे. मला हे विचारायची गरजच वाटली नाही की मग त्या ट्रॅक्टरमागे नाचत कोण होतं. (मीच.)

सहा आठवड्यांत मी बदलले असं म्हणवत नाही, पण चौथ्या आठवड्यात मी भांडी घासताना ते गुणगुणत होते. पाचव्यात लेकीच्या पाळणाघरातली सगळी पोरं टॉवेल डोक्याला बांधून फिरत होती. 8 मार्चच्या रात्री लोकांची मतं जाहीर झाली आणि मॉन्स दुसरा आला.

सोमवारी कागदासमोर गर्दी. चौदा नावांत सौनावाल्यांना 'जिंकणार'च्या रकान्यात एकट्यानेच लिहिलं होतं. आमच्या इंजिनिअरांनी. 1998 नंतर पहिल्यांदा स्वीडन युरोव्हिजनला स्वीडिश गाणं पाठवत होतं, आणि तेही शहरी नव्हे, गावच्या बोलीतलं, रोजच्या जगण्याबद्दलचं. त्यांनी 280 क्रोनर मोजून खिशात घातले आणि दुपारी सगळ्यांसाठी सेमला आणले, क्रीम भरलेले वेलचीचे बन. फिनिश मुलाने दोन खाल्ले. म्हणाला, "शेवटी तुम्हाला जिंकायला आमचीच माणसं लागली." चौथं वाक्य.

मला तिसऱ्या रकान्याबद्दल कोणी काही बोललं नाही, पण माझ्या डेस्कवर एक टॉवेल घडी घालून ठेवलेला होता.

त्या रात्री आईचा फोन आला. तिला मी आधीच गाणं पाठवून ठेवलं होतं. आता इथे एक सांगायला हवं, या तिघांच्या बँडचं नाव त्यांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून केलंय आणि त्याचा उच्चार होतो 'काय'.

"मग, जिंकलं कोण?"

"काय."

"अगं, कोण जिंकलं विचारतेय मी."

"आई, काय! काय जिंकले."

"ऐकू येत नाहीये का तुला? काय जिंकले नको, कोण जिंकलं ते सांग."

मागून बाबांचा आवाज आला, "तो टॉवेलवाला गलबला का? तिला म्हणावं, ठेका बरा होता."