झडीच्या दिवसांतला नेम

जुलैची झड लागली की कोल्हापुरात रंकाळा तलावाभोवतीची सकाळची फेरी तुटते. दरवेळी आळसच नडतो असं नाही. कालचे बूट ओलेच असतात. संध्याकाळीच आतला तळ काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला आणि रात्रभर पंख्याखाली ठेवा. चुलीजवळ नको, डिंक सुटतो.

वाईट दिवसाचं माप मात्र चांगल्या दिवशीच ठरवायचं. ऐनवेळी मन सूटच मागतं. फेरीच्या ४५ मिनिटांऐवजी घरातच १० मिनिटं: जिना, नाहीतर २०-२० बैठका. ताप असेल तर तेवढंही नको. खाडा झालाच, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका. पोटऱ्या धरतात आणि तिसरा दिवसही जातो.