आडनाव नसलेले हाड

सुरत जिल्ह्यातील वस्तान येथील लिग्नाइटच्या खाणीतून जीवाश्म शोधण्यासाठी काही वर्षांपूर्वी आणलेल्या मातीची एक गोणी आमच्या प्रयोगशाळेत दोनदा निवडली गेली. पहिल्यांदा ती माझ्या आधीच्या सहाय्यकाने निवडली आणि दुसऱ्यांदा, गेल्या ऑगस्टमध्ये, मी. त्या दुसऱ्या खेपेस जे हाती लागले त्याचा निकाल माझ्या मनात अजूनही लागलेला नाही.

‘निवडणे’ हा शब्द आम्ही तांदूळ निवडतात त्याच अर्थाने वापरतो. माती आधी खडखडीत वाळवायची, मग रॉकेलमध्ये भिजत ठेवायची आणि रॉकेल निथळून घेऊन वर पाणी ओतायचे. एरवी दिवसभर चोळूनही न फुटणारे चिकणमातीचे ढेकूळ मग डोळ्यांदेखत विरघळते. गाळ अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर धुऊन जो चुरा उरतो, तो चिमूट चिमूट घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने उलटासुलटा करायचा. त्यात कोळशाचे कण आणि पायराइट हे लोह-गंधकाचे खनिज भरपूर असते, माशांचे मणके असतात, आणि नशीब जोरावर असेल तर एखाद्या वटवाघळाचा दात. माझ्या आधीच्या सहाय्यकाने दात तेवढे उचलले आणि पिशवीवर ‘निवडून झाले’ असे लिहिले. त्या एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण दातांचे हे वेड आमच्या साऱ्या क्षेत्रालाच आहे. वस्तानच्या आदिम प्रायमेटांपैकी (लेमूर, माकडे आणि माणूस ज्या गटात येतात त्यातल्या प्राण्यांपैकी) मार्कगोडिनोटियसला २००५ मध्ये आणि एशियाडॅपिसला २००७ मध्ये नाव मिळाले, तेही दात आणि जबडे पाहूनच. २००८ मध्ये मोजक्या दातांवरून अँथ्रासिमियस नावाचा थेट माकडांच्या शाखेतला प्राणी जाहीर झाला, आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने तो मार्कगोडिनोटियसच असल्याचे मांडले. एवढे होऊनही हाडे उचलायची सवय काही लागली नाही.

दुपारी साडेतीनच्या सुमारास ताटलीच्या कडेला एक काळसर, सहा मिलिमीटरही न भरणारे हाड कुंचल्याला चिकटून आले. ते घोट्याचे, म्हणजे टॅलस होते. नडगी ज्यावर मागेपुढे फिरते ती कप्पी शाबूत होती, मानही शाबूत होती, फक्त डोक्याचा एक टवका उडालेला होता. ते प्रायमेटचे आहे हे दहा मिनिटांत ठरले. कोणत्या प्रायमेटचे, यासाठी पुढचे तीन तास गेले.

घोट्याच्या या हाडात दोन जागा पाहायच्या असतात. फिब्युला, म्हणजे नडगीशेजारचे बारीक हाड, जिथे टेकते ती बाहेरची बाजू लेमूर आणि त्याचा नातलग लोरिस यांच्यात पडवीच्या छपरासारखी बाहेर उतरत जाते. टार्सियर हा मोठ्या डोळ्यांचा चिमुकला प्रायमेट, माकडे आणि आपण यांच्यात ती भिंतीसारखी जवळजवळ उभी असते. दुसरी जागा मागच्या अंगाची. पायाचा अंगठा वळवणाऱ्या स्नायूची कंडरा जिथून जाते ती खाच लेमूरांच्या शाखेत कप्पीच्या बाहेरच्या कडेला सरकलेली असते, तर माकडांच्या शाखेत ती मधोमध असते. पुस्तकातल्या आकृत्यांत हा फरक इतका ठसठशीत असतो की पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही चुकणार नाही. माझ्यासमोरच्या हाडाची बाहेरची बाजू उतरती होती, पण शेजारी ठेवलेल्या लोरिसच्या साच्याइतकी नव्हे; खाच बाहेर झुकली होती, पण कडेपर्यंत पोहोचली नव्हती. मी प्रकाश चारही बाजूंनी फिरवून पाहिला आणि कोन तीनदा मोजला. दर वेळी तो मधलाच आला.

तसा तो येणे स्वाभाविकही होते. वस्तानच्याच पंचवीस हाडांवर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी स्पष्ट म्हटले आहे की ॲडापिड (लेमूरांच्या शाखेतले, मार्कगोडिनोटियस यांतलाच) आणि ओमोमायिड (टार्सियर-माकडांच्या शाखेतले) या दोन गटांच्या हाडांत फरक इतके किरकोळ आहेत की बऱ्याच हाडांबाबत गट खात्रीने सांगता येत नाही. ही माती साचली तेव्हा, म्हणजे सुमारे ५.४५ कोटी वर्षांपूर्वी, या दोन शाखांना फुटून फार काळ लोटलेला नव्हता. दातांत भाऊबंदकी दिसू लागली होती, पाय मात्र अजून एकत्र कुटुंबात होते.

सरांनी हाड पाहिले, खूश झाले आणि म्हणाले, “आकाराने मार्कगोडिनोटियसला बसतंय ना? मग लिहून टाक.” खाणीत ज्या आकाराचे दात सर्वाधिक मिळतात त्याच आकाराची हाडे त्या प्राण्याची धरायची, ही रीत रूढ आहे आणि पुष्कळदा बरोबरही ठरते. परंतु त्याच खाणीतून तितक्याच चिमुकल्या ओमोमायिडांचेही दात मिळाले आहेत, हे मी म्हटल्यावर सर हसले. “नाव नसलेल्या हाडाकडे कोण बघतं गं?” त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून होते, आणि म्हणूनच मला ते जास्त लागले.

आमच्या संगणकीय नोंदवहीत कुळाचा रकाना रिकामा ठेवला तर नोंद जतन होत नाही, आणि ‘अनिश्चित’ हा पर्याय ठेवण्याचे ती बनवणाऱ्याला सुचलेले नाही. शेवटी मी यादीतले ‘इतर’ निवडले. जेथे माशांचे तुटके मणके आणि ओळख न पटलेले तुकडे जातात त्याच खणात हे हाड जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये, टाचणीच्या माथ्यावर चिकटवून ठेवले आहे. पावसाळी दमटपणात पायराइट फुलून ते भुगा होऊ नये म्हणून डब्यात सिलिका जेलची पुडी टाकली आहे आणि ती मी दर सोमवारी बदलते.

‘निवडून झाले’ असे लिहिलेली ही एकच पिशवी कपाटाच्या मागे पडून राहिल्यामुळे वाचली होती. तशा बाकीच्या पिशव्यांचा चुरा कुठे आहे असे मी विचारले, तेव्हा धुण्याच्या टाकीमागचा ढिगारा मला दाखवण्यात आला. त्यावर आता कमरेएवढा आघाडा उगवला आहे.