आमची वाटचाल: हॅचबॅकचा बंपर, काढण्यापासून बसवण्यापर्यंत

भोसरीतल्या आमच्या शेडमध्ये सुरुवातीला सरसकट डेंटिंग-पेंटिंग चालायचं. मारुती ८०० चा काळा बंपर ब्रॅकेटला बोल्टांनी धरलेला असे. बोल्ट सुटले की बंपर हातात यायचा, त्यासाठी वेगळा कारागीर लागत नव्हता. १९९८ साली इंडिका आणि सँट्रो आल्या, २००५ मध्ये स्विफ्ट आली, आणि बंपर हळूहळू गाडीच्याच रंगाचा, हेडलाइटपासून चाकाच्या कमानीपर्यंत जाणारा जेमतेम ३ मिमी जाडीचा प्लास्टिकचा कव्हर झाला. धक्का सोसणारा लोखंडी बीम त्याच्या मागे असतो. कव्हर टिकून राहतो तो क्लिपांवर आणि दोन्ही बाजूंच्या ब्रॅकेटांवर. रंगापेक्षा जास्त तक्रारी ‘बंपर एका बाजूने उघडा राहतो’ अशा यायला लागल्या, तेव्हा आम्ही बंपरसाठी वेगळी जागा, वेगळा स्टँड आणि वेगळी माणसं ठेवली. आज आमचं बहुतेक काम हेच आहे.

पुढचा बंपर काढायची आमची पद्धत ठरलेली आहे. इग्निशन बंद, चावी बाहेर, बॅटरीची निगेटिव्ह केबल सुटी. काही गाड्यांत एअरबॅगचा सेन्सर पुढच्या आडव्या पट्टीवर असतो. इग्निशन चालू असताना त्याचा कनेक्टर निघाला तर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागून राहतो आणि तो घालवायला स्कॅनर जोडावा लागतो. मग फेंडरच्या (पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या) आणि हेडलाइटच्या कडांना मास्किंग टेप. ही टेप आम्ही कधीच टाळत नाही, कारण बंपरची कड फेंडरला घासून गेली की एका बंपरच्या कामात फेंडरचा रंगही येऊन बसतो.

बोनेट उघडून जाळीच्या वरच्या क्लिपा, खाली स्प्लॅश गार्डच्या (चिखल-पाणी अडवणाऱ्या पडद्याच्या) क्लिपा आणि १० नंबरचे बोल्ट, शेवटी चाकाच्या कमानीतले स्क्रू. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवलं की चाक न काढता स्क्रू ड्रायव्हर आत जातो. पावसाळ्यानंतर या स्क्रूंच्या डोक्यात चिखल घट्ट बसलेला असतो. तो ब्रशने साफ न करता जोर लावला तर डोकं झिजतं. कोकणातून येणाऱ्या गाड्यांचे खालचे बोल्ट गंजून यू-नटात (कडेवर अडकवलेल्या यू आकाराच्या नटात) धरलेले असतात. त्यांवर गंजाचा स्प्रे मारून थोडं थांबावं, नाहीतर नट प्लास्टिकसकट फिरतो.

क्लिपांबद्दल थोडं सविस्तर सांगायलाच हवं, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. एका प्रकारात मधली पिन सपाट असते, ती २-३ मिमी आत दाबली की क्लिप सुटते. दुसऱ्यात मधल्या डोक्याखाली खाच असते, तिथून पिन वर उचलायची. दाबायची क्लिप उपटली किंवा उचलायची क्लिप दाबली की ती गेली. दाबायच्या प्रकारातली क्लिप परत बसवताना आधी मागून ढकलून पिन वर काढायची, मग भोकात घालायची आणि शेवटी पिन सपाट दाबायची. पिन आतच राहिलेली क्लिप नुसती ठोकली तर ती दिसायला बसलेली दिसते, पण भोकात फुगत नाही आणि काही दिवसांत गळून पडते. भोकं बहुतेक ७, ८ किंवा १० मिमीची असतात. ८ च्या भोकात ७ ची क्लिप घालून काम उरकू नये.

सगळं सुटल्यावर चाकाच्या कमानीपासून सुरुवात करून कड बाहेरच्या दिशेने ओढायची. ब्रॅकेटमधले खटके एकेक करून सुटतात. मधून धरून पुढे ओढलं तर बाजूचा ब्रॅकेट तुटतो. यासाठी दोन माणसं लागतातच. कव्हर सुटला तरी लगेच दूर न्यायचा नाही, आत हात घालून फॉग लॅम्पचे कनेक्टर आधी काढायचे. थंडीच्या सकाळी प्लास्टिक कडक असतं, म्हणून डिसेंबर-जानेवारीत गाडी थोडा वेळ उन्हात ठेवूनच आम्ही हात लावतो.

मागच्या बंपरसाठी अनेक हॅचबॅकमध्ये आधी टेल लॅम्प काढावा लागतो. डिकी उघडल्यावर दिसणारे दोन स्क्रू काढून लॅम्प सरळ मागे ओढायचा. बाहेरच्या बाजूला तो पिनांवर बसलेला असतो, तिरका ओढला तर पिन तुटते आणि लॅम्प कायमचा हलत राहतो. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले, तेव्हापासून मागच्या कामाचा वेळ वाढला. सेन्सरवर जागेचा क्रमांक टाकून ठेवतो. उलटा बसलेला सेन्सर जमिनीलाच अडथळा समजून वाजत राहतो. सेन्सरवर रंगाचे जाड थर चढले तरी तो नीट ओळखत नाही.

दुरुस्ती करायची की नवा घ्यायचा, हे ग्राहकाच्या खिशाशी जोडलेलं आहे. साध्या विमा पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, झीरो डेप (घसारा न कापणारी जादा विमा सोय) नसेल तर निम्मी किंमत ग्राहकाच्या अंगावर येते. म्हणून समोरच्या भागातली चीर आम्ही मागून तारेची जाळी घालून पीपीच्या (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकच्या) कांडीने वेल्ड करतो. बंपरच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा प्रकार छापलेला असतो, बहुतेक वेळा पीपी आणि ईपीडीएम या रबराचं मिश्रण. त्यावर पत्र्याची पुटी चालत नाही, प्लास्टिक वाकलं की ती तडकते. प्लास्टिकची लवचीक पुटी आणि रंगाआधी प्लास्टिक प्रायमर हवाच, नाहीतर पहिल्याच प्रेशर वॉशला रंगाची पापडी निघते. मात्र बाजूचा खटका किंवा हेडलाइटखालचा कान तुटला असेल तर वेल्डिंग टिकत नाही. तिथे नवा कव्हर घ्या असं आम्ही स्पष्ट सांगतो. बाजूचे ब्रॅकेट स्वस्त असतात, डावा-उजवा वेगळा मिळतो. कित्येकदा तेवढा बदलूनच फट बंद होते.

नवा कव्हर घेताना पुढच्या नंबर प्लेटचाही विचार करावा लागतो. एचएसआरपीचं, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचं, स्नॅप लॉक तोडल्याशिवाय निघत नाही, त्यामुळे नवं लॉक अधिकृत केंद्रातूनच बसवून घ्यायला आम्ही सांगतो.

बसवताना क्रम महत्त्वाचा. आधी बीमवरचा फोम जागेवर आहे का ते पाहायचं. बाहेरून दिसत नाही म्हणून तो फेकून दिलेल्या गाड्या आमच्याकडे येतात, आणि मग हलक्या धक्क्यालाही कव्हर बीमवर आपटून फाटतो. नंतर कनेक्टर जोडायचे, कव्हर टांगायचा, दोन्ही बाजूंचे खटके हेडलाइटकडून कमानीकडे तळव्याने दाबत न्यायचे. खटक्याचा आवाज आला पाहिजे. मग वरच्या क्लिपा, खालच्या क्लिपा, आणि सगळ्यात शेवटी कमानीतले स्क्रू. मधले बोल्ट आधी आवळले तर कव्हर पुढे ओढला जातो आणि बाजू कधीच बसत नाहीत. हेडलाइट आणि बंपरमधली फट दोन्हीकडे सारखी दिसेपर्यंत काहीही पूर्ण आवळायचं नाही.

गाडी द्यायच्या आधी फॉग लॅम्प, इंडिकेटर, हॉर्न, रिव्हर्सला सेन्सर, आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून टायर लायनरला (कमानीच्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तराला) घासतो का ते तपासतो. तुटलेल्या जुन्या क्लिपा पिशवीत घालून ग्राहकाला दाखवतो, नव्या किती लागल्या ते बिलात वेगळं लिहितो.